शाळेतील हरित सेनेचा निरोप

माध्यमिक शाळांतून जानेवारी संपता संपता दहावीच्या वर्गाला निरोप दिला जातो. फळ्यावर रंगीत खडूंची नक्षी उमटते, मुख्याध्यापकांचे भाषण होते, चार मुली रडतात, आणि विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून आणलेले भिंतीवरचे घड्याळ शाळेला अर्पण केले जाते. या समारंभात क्रीडास्पर्धांचा उल्लेख होतो, स्नेहसंमेलनाचा होतो, शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांचा तर होतोच होतो. शाळेतील राष्ट्रीय हरित सेनेचा उल्लेख मात्र सहसा होत नाही. वस्तुतः त्या दिवशी खरी झीज होते ती याच मंडळाची. क्रीडाशिक्षक पुढील वर्षीही असतात, मैदान जागच्या जागी असते. हरित सेनेचे सारे भांडवल म्हणजे कोणते झाड कोठे आहे, ते कधी फुलते, तळ्याचे पाणी वैशाखात कोणत्या पायरीपर्यंत उतरते हे ठाऊक असलेली मुले. ते भांडवल त्या एका दुपारी फाटकाबाहेर पडते, आणि ते पडले याची कोणाला दखलही नसते.

कुडाळ तालुक्यातील वालावल हे गाव या प्रश्नाच्या विचारासाठी मुद्दाम नजरेसमोर आणावे असे आहे. श्रीलक्ष्मीनारायणाचे प्राचीन देऊळ, देवळाला लागून असलेले तळे, भोवती झाडीने भरलेले डोंगर, माडांच्या बागा, आणि खाली उतरले की कर्लीचे विस्तीर्ण पात्र व त्याच्या कडेची कांदळवने. हीच कर्ली पुढे देवबागपाशी समुद्राला मिळते. पर्यटक देऊळ पाहतो, तळ्याचे छायाचित्र घेतो आणि तारकर्लीच्या वाटेला लागतो. परंतु गोडे पाणी, खारे पाणी, डोंगरउतार, भातशेती आणि बागायत ही सारी पायी चालण्याच्या अंतरात मिळणे हे शहरातील शाळांना सहली काढूनही साधत नाही. मालवण तालुक्यातील धामापूरचे तळे येथून फार दूर नाही. १५३० साली बांधलेल्या त्या तळ्याला २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता दिली. जवळजवळ पाचशे वर्षे एखादा जलाशय टिकतो तेव्हा तो केवळ दगडमातीच्या बळावर टिकत नाही. गावऱ्हाटीने बांधून दिलेली कामे, मानकऱ्यांची जबाबदारी, देवाच्या नावाने पाळलेले निर्बंध यांतून तो टिकतो. ही व्यवस्था सर्वांना सारखा न्याय देणारी होती असे म्हणण्याचे कारण नाही. मानपानाच्या उतरंडीत कोणाला काय मिळत असे हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. पण तळ्यावर कोणाची तरी नजर आहे, एवढी हमी त्या व्यवस्थेने दिली होती. ती सैल झाल्यावर ही नजर कोणी ठेवावयाची, हा प्रश्न उरतो. आणि गावात दररोज ठरावीक वेळी चाळीस-पन्नास तीक्ष्ण डोळे एकत्र येण्याची जागा आता एकच उरली आहे, ती म्हणजे शाळा.

शाळेतील पर्यावरण मंडळांची कल्पना सरकारला फार उशिरा सुचली. जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेने १९७६ साली निसर्ग मंडळांची चळवळ सुरू केली होती. त्याहूनही आधी याच जिल्ह्यात, कणकवलीच्या गोपुरीत, अप्पासाहेब पटवर्धनांनी मलमूत्रापासून खत करण्याचे आणि श्रमाला प्रतिष्ठा देण्याचे जे प्रयोग १९४८ नंतर चालविले, त्यांना पर्यावरणशिक्षण हे भारदस्त नाव नव्हते एवढेच. पुढे एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा शिक्षणाचा अनिवार्य भाग करावा असे निर्देश दिले, आणि २००१-०२ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने राष्ट्रीय हरित सेना उभी केली. प्रत्येक शाळेत तीस ते पन्नास मुलांचे एक मंडळ, त्यावर एक प्रभारी शिक्षक, आणि महाराष्ट्रात सामाजिक वनीकरण विभागाची देखरेख, अशी ती रचना होती. सुरुवातीचे अनुदान वर्षाला एक हजार रुपये होते. ते पुढे अडीच हजार आणि नंतर पाच हजार झाले.

या आकड्यांकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. पन्नास मुलांच्या मंडळाला वर्षाला एक हजार म्हणजे दरडोई वीस रुपये, महिन्याचे दोन रुपयेसुद्धा नव्हेत. एवढ्या खर्चात देशभर इतक्या शाळांत एखादी संस्था चालते तेव्हा तिचा खरा खर्च कोणी तरी दुसराच सोशीत असतो. येथे तो प्रभारी शिक्षक सोशीत होता. शाळा सुटल्यावरचा तास, शनिवारची दुपार, स्वतःच्या दुचाकीचे पेट्रोल आणि पदरमोड करून आणलेली रोपे, यांचा हिशेब कोणत्याही उपयोगिता प्रमाणपत्रात भरावा लागत नाही. त्यामुळे जेथे असा शिक्षक होता तेथे हरित सेना होती, आणि जेथे तो नव्हता तेथे हरित सेनेचे दप्तर होते. दप्तराला काही तोटा नव्हता. जुलैत वृक्षारोपण, सप्टेंबरात ओझोन दिन, जूनमध्ये पर्यावरण दिन. प्रत्येकाचे एक छायाचित्र आणि दहा ओळींचा अहवाल. एकाच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप लावण्याचा विनोद शिक्षकांच्या खोलीत पुष्कळदा होतो, आणि त्यावर हसणाऱ्यांपैकी एखाद्याने तरी तो खड्डा पाहिलेला असतो. राज्य सरकारने २०१६ साली दोन कोटी, २०१७ साली चार कोटी, २०१८ साली तेरा कोटी आणि २०१९ साली तेहतीस कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले तेव्हा शाळांच्या वाट्याला पुन्हा खड्डेच आले. कोकणात तर हे अधिकच विचित्र. जेथे कुंपणालगतची जागा दोन पावसाळे मोकळी सोडली तर आपोआप रान माजते, तेथे गुलमोहोराचे रोप लावून टाळ्या वाजविण्यात मुलांनी काय शिकावयाचे?

परंतु सर्वच मंडळे अशी नव्हती, आणि म्हणूनच त्यांच्या जाण्याची हळहळ वाटते. चांगल्या मंडळाची खूण झाडांच्या संख्येत नसते, ती वहीत असते. वर्षानुवर्षे एकाच झाडाखाली, एकाच पायरीवर, एकाच वहाळाच्या तोंडाशी उभे राहून केलेली नोंद ही गोष्ट बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला कितीही निधी देऊन मिळत नाही. क्योटोच्या राजदरबारातील आणि मठांतील माणसांनी चेरीचा बहर केव्हा आला हे नवव्या शतकापासून लिहून ठेवले. त्या नोंदी करणाऱ्यांच्या मनात हवामानशास्त्र नव्हते, फुले पाहण्याचा उत्सव होता. आज त्याच नोंदींच्या आधारे शास्त्रज्ञ असे सांगू शकतात की २०२१ चा बहर गेल्या बाराशे वर्षांतील सर्वांत लवकर आलेल्यांपैकी होता. भारतातही ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम २०१० च्या सुमारास सुरू झाला आणि झाडांच्या पालवी-फुला-फळांच्या साप्ताहिक नोंदींत केरळमधील शाळांनी मोठा वाटा उचलला. तेथील शिक्षक काही निराळ्या मातीचे नाहीत. तेथे नोंदीला घेणारे कोणी तरी होते, हा फरक.

वालावलच्या परिसरात नोंदण्याजोगे काय आहे हे मालवणी मुलखातील कोणाही वडीलधाऱ्या बाईला विचारावे. आंब्याला मोहोर केव्हा फुटला, तो अवकाळी पावसाने किती गळला. रातांबे कधी पिकले. सुरंगीचे वळेसर बाजारात पहिल्यांदा कधी दिसले. सुरंगीचा बहर थोड्या आठवड्यांचा, फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराचा. त्या काही दिवसांवर वेंगुर्ल्याकडच्या आसोलीसारख्या गावांतून कित्येक घरांची वर्षाची मिळकत अवलंबून असते. पहिल्या पावसात वहाळातून शेतात चढणारे मासे, ज्यांना कोकणात चढणीचे मासे म्हणतात, कोणत्या तारखेला चढले, कोणत्या जातीचे होते, आणि गाभोळी भरलेले मासे पकडण्याची हौस कोणत्या वाडीत किती वाढली. विहिरींचे पाणी केव्हा मचूळ झाले. ओहोटीला कांदळवनातील कोणती मुळे उघडी पडतात आणि कोठे ती मुळेच आता राहिली नाहीत. या प्रत्येक प्रश्नामागे पैसा आहे, उपजीविका आहे. मोहोराची तारीख ही बागायतदाराच्या कर्जफेडीची तारीख ठरविते. तेव्हा पर्यावरण मंडळ म्हणजे अभ्यास झाल्यावर उरलेल्या वेळात करावयाची कलाकुसर नव्हे. गावाच्या अर्थव्यवहाराची ती एक खतावणी आहे.

ही खतावणी बंद का पडते? पहिले कारण दहावी. माध्यमिक शिक्षण मंडळाचा स्वतंत्र कोकण विभाग २०१२ साली झाला तेव्हापासून दहावीच्या निकालात हा विभाग सातत्याने राज्यात पहिला आहे. २०२४ साली तर निकाल ९९.०१ टक्के लागला. या यशाचा अभिमान योग्यच आहे. मात्र त्याची किंमत कोणत्या खात्यातून जाते हेही पाहावे. नववीच्या दुसऱ्या सत्रापासून मुलाला ‘आता हे उद्योग पुरे’ असे सांगितले जाते, आणि ज्या वयात नजर स्थिर व्हावयास लागते त्याच वयात तो वही खाली ठेवतो. दहावीनंतर कुडाळ, सावंतवाडी, गोवा, मुंबई. कोकणाने गेली शंभर वर्षे मुले वाढवावयाची आणि मुंबईने ती वापरावयाची, बदल्यात मनीऑर्डर यावयाची, हा व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे. पैसा परत येऊ शकतो. कोणत्या वहाळात कोणता मासा चढतो हे ज्ञान मनीऑर्डरने परत येत नाही.

दुसरे कारण शिक्षकांच्या बदल्या. जिल्हा परिषदेच्या शाळांतील अनेक शिक्षक घाटावरून आलेले असतात. त्यांना आपल्या जिल्ह्यात परत जावेसे वाटणे स्वाभाविक आहे, त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पण बदलीचा आदेश हाती पडल्यावर शिक्षकाला शाळेचा पदभार, पोषण आहाराची शिल्लक, जडसंग्रहातील खुर्च्या-टेबले यांची रीतसर यादी करून द्यावी लागते आणि समोरच्याची सही घ्यावी लागते. हरित सेनेच्या वह्यांना जडसंग्रहात रकाना नाही. त्या कपाटाच्या वरच्या फळीवर राहतात, मग खाली येतात, मग रद्दीत जातात.

तिसरे कारण सर्वांत कठीण. मुलेच उरली नाहीत. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती, ती २०११ साली ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असता या जिल्ह्याची सुमारे एकोणीस हजारांनी घटली, रत्नागिरीचीही घटली. वाडीवाडीतील शाळांचा पट दहा-पंधरावर आला. २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा विचार पुढे मांडला, तेव्हा राज्यात अशा शाळा सुमारे पावणेपंधरा हजार असल्याचे सांगण्यात आले. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाविरुद्ध लहान शाळांतून ओरड झाली तीही याच कारणाने. अशी शाळा मिटते तेव्हा मुलांना वाहनातून दुसऱ्या गावी नेता येते. दाखले, हजेरीपट, बाके हलविता येतात. शाळेमागचा वहाळ हलविता येत नाही. एका गावची हरित सेना दुसऱ्या गावच्या शाळेत विलीन करणे ही कागदावरच शक्य असलेली गोष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर दिल्लीने मंडळांचे नाव बदलले आहे. २०२२ मध्ये ‘मिशन लाइफ’ची घोषणा झाली आणि शाळांतील मंडळे आता त्या नावाने ओळखली जाऊ लागली आहेत. समग्र शिक्षा योजनेत यासाठीची तरतूद प्राथमिक शाळेला पाच हजार, उच्च प्राथमिक शाळेला पंधरा हजार आणि माध्यमिक शाळेला पंचवीस हजारांपर्यंत आहे. जुन्या वीस रुपयांच्या मानाने ही उदारता खरीच. पण ती सरकारी शाळांसाठी आहे, आणि कोकणातील माध्यमिक शाळा बहुतांशी खासगी अनुदानित संस्थांच्या आहेत. मुंबईतील चाकरमान्यांनी मंडळे स्थापून, वर्गणी गोळा करून त्या उभ्या केलेल्या आहेत. म्हणजे ज्या वयाच्या मुलांना ही नोंदवही खरोखर पेलेल त्यांच्यापर्यंत पैसा पोहोचण्याची वाटच अरुंद. शिवाय नव्या योजनेची ओढ छायाचित्राकडे आहे. ‘एक पेड माँ के नाम’ या २०२४ च्या मोहिमेत झाडासह टिपलेले चित्र संकेतस्थळावर चढविले की काम झाले. आईच्या नावाने झाड लावण्याची भावना सुंदर आहे. तीन वर्षांनी त्या झाडाकडे परत जाऊन पाहण्याला मात्र त्या संकेतस्थळावर महत्त्व नाही.

याहून मोठी विसंगती ग्रामपंचायतीच्या कपाटात आहे. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची. ही कल्पना ज्यांनी रुजविली त्या माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनेही २०११ च्या आपल्या अहवालात विद्यार्थ्यांच्या पर्यावरणशिक्षणाची सांगड स्थानिक निरीक्षणाशी घालावी असे सुचविले होते. त्या अहवालावर सिंधुदुर्गात जेवढे वादंग माजले तेवढे फार थोड्या ठिकाणी माजले असेल; पण खाणी आणि निर्बंध यांच्या गदारोळात ही निरुपद्रवी सूचना कोणी वाचलीच नाही. नोंदवह्यांचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये बजावले की ३१ जानेवारी २०२० पर्यंत काम पुरे न करणाऱ्या राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील. त्यानंतर देशभर जी धावपळ झाली तीत नोंदवह्या ‘पूर्ण’ झाल्या. काही मनापासून केलेल्या, पुष्कळशा घाईने, शेजारच्या गावची यादी समोर ठेवून उतरलेल्या. एकीकडे गावाला कायद्याने हवी असलेली नोंदवही ठरावीक मुदतीत बाहेरच्या माणसांकडून भरून घ्यावयाची, आणि त्याच गावच्या शाळेत मुलांनी ऋतूमागून ऋतू घालवून लिहिलेली वही रद्दीत घालावयाची, असा हा व्यवहार आहे. यात भ्रष्टाचार असलाच पाहिजे असे नाही. दोन खात्यांच्या दोन दप्तरांची ओळख नाही, एवढेच पुरेसे आहे.

सामाईक साधनांचा नाश अटळ असतो हा सिद्धांत गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडला आणि तो पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात त्याला उत्तर दिले. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. शतकानुशतके टिकलेली कुरणे, कालवे, मच्छीमारीची क्षेत्रे यांचा अभ्यास करून त्यांनी दाखविले की जेथे वापरणारे स्वतःच नियम करतात आणि देखरेख करणारा त्यांच्यापैकीच, त्यांना जबाबदार असा असतो, तेथे सामाईक साधन टिकू शकते. देखरेखीचा खर्च हाच सगळ्यात अवघड भाग. शाळकरी मुलांच्या वहीने हा खर्च जवळजवळ शून्यावर येतो. मुलांना हेवेदावे नसतात, त्यांचे कोणाशी बागायतीच्या बांधावरून भांडण नसते, आणि तळ्याची कोणती पायरी उघडी पडली हे सांगण्यात त्यांचा काही स्वार्थ नसतो.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कर्लीच्या पात्रातील वाळूउपसा हा कित्येक वर्षांचा वाद आहे. मुलांनी प्रामाणिकपणे नोंद ठेवली तर एक दिवस तिच्यात काठ खचल्याची तारीख येणार, होड्यांची संख्या येणार. मग ती वही निरुपद्रवी राहत नाही. अनुदानित शाळेच्या शिक्षकाला गावात राहावयाचे असते, संस्थेच्या अध्यक्षांना उत्तर द्यावयाचे असते. मुलाचा बाप त्याच होडीवर मजुरीला असू शकतो. पुष्कळ मंडळे अशा क्षणी आपण होऊन गुलमोहोराकडे वळतात, आणि त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्यांना नाही. म्हणूनच या वहीचा मालक एकटा शिक्षक असता कामा नये. ग्रामसभेपुढे वर्षातून एकदा तिचे वाचन व्हावे, समितीच्या नोंदवहीत ती रीतसर जोडली जावी, तिची एक प्रत ग्रामपंचायतीत आणि एक तालुक्याच्या महाविद्यालयात असावी. तीन ठिकाणी असलेला कागद दडपणे एका ठिकाणी असलेल्या कागदापेक्षा अवघड असते. पदवी अभ्यासक्रमात पर्यावरणाचा प्रकल्प अनिवार्य असल्याने महाविद्यालयांना दरवर्षी विषय हवेच असतात. विद्यार्थी ते छापील मार्गदर्शकांतून उतरून काढतात. गावच्या शाळेची पाच वर्षांची वही समोर ठेवून तिच्यातील आकड्यांचा आलेख काढावयास लावले तर उतरून काढण्याची सोयच राहणार नाही.

शाळा मिटत असेल तर हीच गोष्ट अधिक निकडीची. समूह शाळेचा आदेश काढताना बाकांच्या यादीबरोबर हरित सेनेच्या वह्या कोणाच्या स्वाधीन केल्या याची एक ओळ घालण्यास सरकारला एक पैसा खर्च नाही. मुले गेली तरी गावात माणसे आहेत. निवृत्त होऊन परतलेले चाकरमानी आहेत, ज्यांच्यापाशी वेळ आहे आणि ज्यांचे अक्षर अद्याप सुवाच्य आहे. स्वयंसहायता गटांच्या बायका आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत अशाच बायकांनी होडी वल्हवीत पर्यटकांना कांदळवन दाखविण्याचा उद्योग उभा करून दाखविला आहे. तळ्याच्या पायरीची नोंद त्यांना करता येणार नाही असे समजणे हा आपल्या शिक्षणखात्याचा भ्रम आहे.

जी शाळा चालू आहे तिच्यापुरता प्रश्न साध्या वेळापत्रकाचा आहे. अलीकडे दहावीची परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धातच सुरू होऊ लागली आहे. त्याच आठवड्यांत सुरंगी फुलते, काजूला बोंडे धरतात, आंब्याचा मोहोर टिकला की गेला हे कळते, विहिरींचे पाणी उतरावयास लागते. म्हणजे वही लिहिणारी मुले उठून जातात ती नेमकी जेव्हा लिहावयाचे सर्वाधिक असते तेव्हा. निरोपसमारंभाच्या दिवशी वही सुपूर्द करून भागणार नाही, कारण झाड कोणते आणि पायरी कोणती हे व्यासपीठावरून दाखविता येत नाही. दिवाळीची सुट्टी संपल्यावर दहावीतील एक आणि आठवीतील एक अशा जोड्या लावून त्यांना आठ-दहा शनिवार एकत्र पाठवावे लागेल, आणि जानेवारीच्या नोंदी आठवीच्या मुलाने, दहावीच्या मुलाने नुसते पाहत उभे राहून, लिहावयास हव्यात.